सहा जुने फ्रेनेल आणि खारी हवा : दुरुस्तीच्या नोंदी

२८ सप्टेंबर, कुडाळ

लॉट आला. टंगस्टन फ्रेनेल, म्हणजे पुढे खाचांची लेन्स आणि आत टंगस्टनच्या तारेचा बल्ब असलेले चित्रीकरणाचे लाइट, चार ६५० वॉटचे आणि दोन १००० वॉटचे. मूळ माल मुंबईतल्या एका बंद पडलेल्या स्टुडिओचा, पण मधली काही वर्षं मालवणच्या बाजूला समुद्रालगतच्या गोदामात पडून होता. पुढचा सगळा त्रास त्या गोदामाचा आहे. लॉट १५,०००, टेम्पोभाडं १,९००. विकणारा म्हणाला होता, "सगळे चालू आहेत." त्यातले दोन पेटले.

हे लाइट हवेत दशावताराचे प्रयोग चित्रित करायला आणि स्पर्धेच्या एकांकिकांच्या तालमींना. बऱ्यापैकी एलईडी फ्रेनेल एक घ्यायचा तरी या अख्ख्या लॉटएवढे पैसे जातात, आणि स्वस्त एलईडी नेमके लाल रंगात मार खातात. दशावतारात लाल नसेल तर काय उरलं? टंगस्टनखाली कुंकू कुंकवासारखं दिसतं, चेहरा चेहऱ्यासारखा दिसतो. बदल्यात वीज जळते आणि घाम निघतो.

मांगरात (घराबाहेरच्या कोठीत) टेबल मांडून सगळे उघडे करून पाहिले. लेन्स सहाही शाबूत, एकीच्या कडेला टवका. बार्नडोर (उजेड अडवायच्या पुढच्या झडपा) चार जागेवर, दोन बेपत्ता. बॉडीचा काळा रंग पापुद्रे धरून सुटलेला. १००० वॉटच्या दोघांत बल्बपासून मागच्या टर्मिनलपर्यंतच्या वायरींवर राखाडी-पांढरं, कापसासारखं आवरण होतं. इथे हात थांबवला. जुन्या लाइटांत असं आवरण अ‍ॅस्बेस्टॉसचं असू शकतं. चाकूने खरवडलं की धूळ उडते आणि ती फुफ्फुसात जाऊन बसते. म्हणून साबणाचं पाणी फवारून चिंब केलं, साधा कापडी नव्हे तर घट्ट बसणारा फिल्टरचा मास्क लावला, वायर न सोलता टर्मिनलपासून सबंध काढली आणि दुहेरी पिशवीत घालून बांधली. पोरांना मांगराबाहेर ठेवलं. कुणी म्हणेल एवढं कशाला. म्हणू दे.

१ ऑक्टोबर

आज फक्त स्क्रू. बॉडी अ‍ॅल्युमिनियमची, स्क्रू लोखंडी, वर खारी हवा. दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटलेले आणि मधे मिठाचा ओलावा असला की अ‍ॅल्युमिनियम सडतं, त्याची पांढरी भुकटी आट्यांत भरते आणि स्क्रू तिथेच मुरतो. गंज सोडवायचं तेल रात्रभर सोडलं, सकाळी ब्लोलॅम्पने शेकलं, मग ठोक्याचा स्क्रूड्रायव्हर. बरेचसे सुटले. काहींची डोकी तुटून हातात आली. शेजाऱ्यांनी खोबरेल सुचवलं. खोबरेल इथे सांधेदुखीपासून बिजागरीपर्यंत सगळ्यावर चालतं, पण या आट्यांवर नाही चाललं.

तुटलेले घेऊन लेथवाल्याकडे गेलो. त्याने उलटंसुलटं करून पाहिलं. "मेल्या, ह्यो इस्क्रू नाय, बॉडीचोच भाग झालो हा." ड्रिल मारून, एक माप मोठा आटा पाडून दिला. लेथचे १,२०० आणि अख्खा दिवस. परत लावताना स्टेनलेस स्क्रू घेतले. स्टेनलेस स्वतः सहजी गंजत नाही, पण अ‍ॅल्युमिनियमला तेही खातंच. म्हणून प्रत्येक आट्याला अँटीसीझ (स्क्रू मुरू नये म्हणून लावायचं वंगण) लावलं. ती ट्यूब मिळाली नाही तर स्क्रू बदलण्याची घाई करू नका, दोन पावसाळ्यांनी पुन्हा लेथवर याल.

आत आणखी एक पाहुणी होती. वरच्या हवेच्या झरोक्यांत कुंभारमाशीने मातीची घरं बांधलेली, चार लाइटांत. दिसायला किरकोळ वाटतं. पण फ्रेनेलची बॉडी खालून थंड हवा घेऊन वरून गरम हवा सोडते, आणि तो रस्ता बंद झाला की बल्बचं बूड तापतं. बल्बच्या बुडाशी काच चेपून बंद केलेली असते, तिच्यात मॉलिब्डेनमची पातळ पत्री असते. तो भाग ३५० अंश सेल्सियसच्या वर राहायला लागला की पत्रीला हवा लागून ती गंजते, सील तडकतं आणि फिलामेंट धडधाकट असूनही बल्ब मरतो. लॉटबरोबर आलेल्या मेलेल्या बल्बांत असेच निघाले : फिलामेंट अखंड, बूड तडकलेलं. माती टोकदार काडीने आणि ब्लोअरने काढली. झरोक्यांना जाळी लावायचा मोह झाला, पण जाळीत कचरा अडकून हवा पुन्हा अडते. लाइट ठेवताना वर कापडी पिशवी चढवायची असं ठरलं.

५ ऑक्टोबर

होल्डर. या सगळ्या नोंदींतली एकच वाचणार असाल तर ही वाचा.

६५० च्या एका लाइटमध्ये जुन्या होल्डरवर नवा बल्ब लावून पाहिला. होल्डर वरून बरा दिसत होता. पेटला, छान उजेड पडला, थोड्या वेळाने लुकलुकायला लागला, मग आतून बारीक चर्र असा आवाज. बंद करून, गार करून बल्ब काढला तर एक पिन निळी-काळी पडलेली आणि तिच्यावर खड्डे. ९५० रुपये गेले.

होल्डरच्या आत पिनेला पकडणारी स्प्रिंगची पत्ती असते. उष्णतेने ती ढिली पडते, खाऱ्या हवेने तिच्यावर थर चढतो. पकड ढिली म्हणजे ठिणगी, ठिणगी म्हणजे पिनेला खड्डे, आणि खड्डे पडलेली पिन पुढच्या चांगल्या होल्डरलाही खराब करते. हे दोन्हीकडून पसरतं. जळक्या होल्डरमध्ये नवा बल्ब घालू नका आणि जळक्या पिनेचा बल्ब नव्या होल्डरमध्ये घालू नका. आधीच्या मालकाने पिना कानशीने घासून पुन्हा वापरलेल्या दिसतात. घासल्याने पिन बारीक होते, पकड आणखी ढिली.

सहाही होल्डर बदलायचे. ६५० ला टी-२७ बल्ब, त्याचा तळ जी-वाय ९.५. १००० ला सीपी-७०, त्याचा तळ जी-एक्स ९.५. दोन्हींतलं ९.५ म्हणजे दोन पिनांतलं मिलिमीटरमधलं अंतर, म्हणून दुकानदारांना ते एकच वाटतं. मागवले जी-वाय, आले जी-एक्स. फोन केला तर "साहेब, सेमच आहे, थोडं दाबून बसवा." दाबून बसवू नका. बल्बची बैठक वेगळी, आणि तळापासून फिलामेंटपर्यंतची उंचीही वेगळी. फिलामेंट लेन्सच्या आणि आरशाच्या मध्यरेषेवर नसेल तर बाकी सगळी मेहनत पाण्यात. परत पाठवले. बदली माल येईपर्यंत आठवड्याहून जास्त गेला.

१४ ऑक्टोबर

होल्डर आले, ३५० ला एक. वायरिंग सुरू.

आतल्या भागात साधी पीव्हीसी वायर अजिबात नाही. ती साधारण ७० अंशांपर्यंतची, आणि आत त्याच्या कितीतरी पट तापतं. सिलिकॉन इन्सुलेशनची वायर घेतली, ५५ रुपये मीटर, त्यावर होल्डरजवळ फायबरग्लासची नळी. टोकांना डाग (सोल्डर) दिला नाही, लग (वायरीच्या टोकाला बसणारे धातूचे तुकडे) चेपून बसवले. डाग देण्याचं शिसं-कथील १८५ अंशांच्या आसपास वितळतं, तेव्हा होल्डरजवळ दिलेला डाग पहिल्याच रात्री थेंब होऊन खाली पडेल. आमच्या वायरमनला हे पटायला वेळ लागला, त्याचा डाग देण्यात हातखंडा आहे. शेवटी एक जोड डाग देऊन पेटवून दाखवला. तो थेंब त्याने खिशात घालून नेला.

अर्थिंगची वायर बॉडीला जिथे जोडायची तिथला रंग पूर्ण खरवडून चकचकीत धातू काढला, दातेरी वॉशर लावला, वरून पातळ ग्रीस. लाइट स्टँडवर असतो, खाली माणसं अनवाणी. अर्थिंग रंगावर बसवली तर ती फक्त दाखवायला.

मग मेगर (इन्सुलेशनमधून वीज गळते का ते मोजायचं मीटर) लावला, ५०० व्होल्टवर. सकाळी, दव पडलेलं असताना, १००० च्या दोघांचं रीडिंग ०.०२ मेगओम. म्हणजे २३० व्होल्टला प्रत्येकी साडेअकरा मिलिअँपची गळती. दोन्ही एकत्र लावले की २३. ३० मिलिअँपचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) १५ च्या पुढे कधीही पडू शकतो, आणि पडतच होता. वायर नवी, होल्डर नवा, मग गळती कुठून? मागच्या बाजूच्या जुन्या सिरॅमिक टर्मिनलमधून. सिरॅमिक स्वतः चांगलंच होतं. त्याच्यावर मिठाचा न दिसणारा थर होता, आणि मीठ हवेतला ओलावा ओढतं. दुपारी उन्हात तेच टर्मिनल अर्ध्या मेगओमवर, संध्याकाळी खारं वारं सुटलं की पुन्हा खाली. दोन दिवस याच खेळात गेले, कारण आम्ही दर वेळी दुपारी मोजून "झालं" म्हणत होतो. डिस्टिल्ड वॉटरने ब्रश करून धुतलं, मग आयसोप्रोपिलने पुसलं, कडकडीत उन्हात वाळवलं. पुढच्या सकाळी दव असताना २० मेगओमच्या वर. तेव्हा कोकणात मेगर सकाळी लावा.

आरसीसीबी पडतो म्हणून तो काढून टाकणारे लाइटवाले भेटतात. त्यांच्या स्टँडला हात लावू नये.

१९ ऑक्टोबर

आरसा आणि लेन्स.

बल्बच्या मागे वाटीसारखा गोल आरसा असतो. बल्ब आणि आरसा एकाच गाडीवर, पुढे लेन्सकडे सरकवलं की उजेड पसरतो, मागे ओढलं की गोळा होतो. हा आरसा चकचकीत अ‍ॅल्युमिनियमचा, वर अ‍ॅनोडाइझिंगचा पातळ थर. मी लेथवर असताना मदतीला आलेल्या एका पोराने चांगल्या मनाने दोन आरसे पितळेच्या पॉलिशने घासले. दहा मिनिटं आरशासारखे आरसे झाले, आणि पुढच्याच आठवड्यात धुरकटले. थर निघून गेला, आता हवा थेट धातूला लागते. ते दोन तसेच लावलेत, उजेड थोडा कमी, बदली आरसे मिळाले तर बदलू. उरलेले चार कोमट पाणी आणि भांड्याचा साबण, मऊ कापूस, बस.

आरसा जागेवर आहे की नाही हे पाहायची युक्ती : बल्ब डिमरवर अगदी मंद ठेवा, लालसर होईल एवढाच, आणि वेल्डिंगच्या काचेतून समोरून पाहा. फिलामेंटच्या गुंडाळ्या दिसतात आणि त्यांच्या शेजारी आरशातल्या गुंडाळ्या. आरसा असा सरकवायचा की आरशातल्या गुंडाळ्या खऱ्या गुंडाळ्यांच्या मधल्या फटींत येऊन बसतील. बरोबर एकमेकांवर आल्या तर उजेड वाढत नाही, फिलामेंट मात्र जास्त तापतं. एका लाइटचा आरशाचा पाय वाकलेला होता, तो सरळ केल्यावर वर्तुळातला काळा डाग गेला. इतके दिवस आम्ही लेन्सवर संशय घेत होतो.

लेन्स साबणाने धुऊन ठेवल्या. खाचांतली बुरशी दात घासायच्या मऊ ब्रशने गेली. लेन्सच्या मागच्या अंगावर मुद्दाम पाडलेला खडबडीतपणा असतो, त्याने फिलामेंटची प्रतिमा पुढे पडत नाही. तो डाग समजून घासत बसू नका. फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने ही लेन्स काढली दीपस्तंभासाठी, पहिली बसली १८२३ साली फ्रान्समधल्या कॉर्दुआनच्या दीपस्तंभावर. म्हणजे खाऱ्या हवेची तिला जन्मापासून सवय. या सहा लाइटांत खरोखर बिघडली नव्हती ती एकटी लेन्सच.

लेन्स परत बसवताना तिच्या क्लिपा घट्ट आवळायच्या नाहीत. बोटाने ढकलली तर किंचित हलली पाहिजे. काच तापून फुगते, जागा नसेल तर तडकते.

गाडीच्या सरकपट्टीवर कुणीतरी कधीकाळी चाकाचं ग्रीस चोपडलेलं होतं. ते जळून त्याचा पिवळा थर आरशावर आणि लेन्सच्या आतल्या बाजूला बसलेला. ग्रीस पूर्ण पुसून कोरडी ग्रॅफाइट पावडर लावली. बोटं काळी होतात, बाकी तक्रार नाही.

२३ ऑक्टोबर

रंग. उष्णता सोसणारा काळा, ६४० रुपयांत दोन डबे. पहिल्यांदा पेटवल्यावर तासभर धूर येतो, म्हणून खळ्यात (अंगणात) नेऊन पेटवले. धूर पाहून पलीकडच्या घरून काकी विचारायला आल्या. त्यांनी लाइटच्या वर हात धरून पाहिला. "ह्येच्यार भाकरी भाजून होतली."

बल्ब हाताळताना उघड्या बोटांनी काच धरायची नाही, आपल्याकडे तर नाहीच, बोटाला सदा घाम आणि घामात मीठ. बल्बची काच क्वार्ट्झची, तिच्यावर ते मीठ तापलं की तिथली काच पांढरी पडून फुगते. बल्ब प्लॅस्टिकच्या वेष्टनात धरूनच बसवायचा आणि मग वेष्टन ओढून काढायचं. बोट लागलंच तर पेटवण्याआधी स्पिरिटने पुसायचं.

२५ ऑक्टोबर

सगळे सहा एकत्र. चार गुणिले ६५० अधिक दोन हजार, ४,६०० वॉट, २३० व्होल्टला २० अँप. कागदावर हिशोब करून दोन सर्किटं केली : प्रत्येकावर दोन ६५० आणि एक १०००, म्हणजे १० अँप, १६ अँपचा एमसीबी (जास्त करंट आला की पडणारा स्विच). एका मुख्य स्विचवरून सर्किट चालू केलं, एमसीबी पडला. पुन्हा, पुन्हा पडला. वायरमनने मीटर लावून १००० च्या थंड बल्बचा रोध मोजला, ४ ओमच्या खाली. म्हणाला, बल्ब शॉर्ट आहे.

शॉर्ट नाही. २३० व्होल्टला हजार वॉटचा पेटलेला बल्ब ५३ ओमचा असतो, पण थंड टंगस्टनचा रोध त्याच्या दहाव्या-पंधराव्या भागाएवढा. म्हणजे चालू करण्याच्या क्षणी दहापट, कधी त्याहून जास्त करंट ओढला जातो, डोळ्याची पापणी लवण्याआधी संपतो, पण बी कर्व्हचा एमसीबी त्याच्या आकड्याच्या ३ ते ५ पटींतच लगेच पडतो. उपाय : प्रत्येक लाइटला आपला स्विच आणि एकेक करून चालू करायचं. त्याशिवाय सी कर्व्हचे (झटका जास्त सोसणारे) एमसीबी घेतले, वायर २.५ चौरस मिलिमीटरची आहे हे खात्री करून. वायर बारीक असताना नुसता मोठा एमसीबी लावणं म्हणजे आग लावायची तयारी. डिमर असेल तर आधी मंद पेटवून मग वर न्यायचं, बल्बालाही ते मानवतं. नवा डिस्ट्रिब्यूशन बॉक्स १,९००.

आणखी एक, घरगुती जोडणीचा मंजूर भार किती हे बिलावर छापलेलं असतं. आमचा पुरत नव्हता. एका वेळी तीनच लाइट, किंवा जनरेटर.

३० ऑक्टोबर

व्होल्टेज. संध्याकाळी साडेसातला गावच्या टोकाला १९५ ते २००. डोळ्याला फक्त "जरा पिवळं" वाटतं. कॅमेरा ३२०० केल्विनवर (टंगस्टनच्या उजेडाच्या रंगावर) ठेवून पाहिला तर चेहरे हळदीचे. व्होल्टेज २०० ला आलं की उजेड २३० च्या मानाने साधारण ६० टक्क्यांवर येतो आणि रंग दीडशे-पावणेदोनशे केल्विनने खाली, म्हणजे पिवळ्याकडे, सरकतो. त्यात आम्हाला मिळालेले बल्ब २४० व्होल्टचे, म्हणजे आणखी कमी.

मग २२० चे बल्ब मागवावेत असं ठरत होतं. मांगरात रात्रभर मीटर लावून ठेवला. मध्यरात्रीनंतर पंप आणि पंखे थांबले की तेच व्होल्टेज २४५. टंगस्टनला ५ टक्के जास्त व्होल्टेज दिलं तरी आयुष्य जवळजवळ निम्मं होतं. दशावतार रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतो, नेमका त्या वेळात. म्हणून २४० चेच ठेवले. पहाटे उजेड जास्त आणि पांढरा, संध्याकाळी कमी आणि पिवळा, हे धरून चालायचं. दर तासा-दीड तासाने पांढऱ्या कागदावर व्हाइट बॅलन्स पुन्हा घ्यायचा. व्होल्टेज एकसारखं ठेवणाऱ्या सर्वो स्टॅबिलायझरची किंमत विचारली आणि फोन ठेवला.

जनरेटर घेणार असाल तर ४,६०० वॉटला ५ केव्हीएचा नको. सुरुवातीच्या झटक्याला तो वाकतो, उजेड खालीवर होतो. आम्ही ७.५ केव्हीएचा भाड्याने घेतो. टंगस्टनला वीज कशीही वेडीवाकडी चालते, फडफड फारशी दिसत नाही, हे एक सुख.

२१ नोव्हेंबर

पहिला खरा प्रयोग, देवळाच्या मंडपात. जत्रांचा हंगाम नुकता सुरू.

समोरून दोन ६५० पसरून, ट्रेसिंग पेपर लावून. बाजूंनी उरलेले दोन. मागून उंचावर १००० गोळा करून. मागचा लाइट शंकासुरासाठी. त्याचं सोंग नखशिखांत काळं, मागे काळोख. समोरून कितीही उजेड ओता, तो दिसत नाही, फक्त मागचा पडदा जास्त उजळतो. मागून कडेला उजेडाची रेघ पडली तेव्हा तो पडद्यापासून सुटला. दुसरा १००० राखीव ठेवला होता. ६५० चे चार आणि १००० चा एक, एवढ्यात मंडप भागला.

तक्रारीही आल्या. समोरचे लाइट फार खाली होते, कलाकारांच्या डोळ्यांत जात होते आणि घामाने रंग ओघळत होता. पहिल्या सोंगानंतर स्टँड वर नेले आणि लांब केले. उजेड कमी झाला, कुणाला फरक पडला नाही. पेटलेला लाइट हलवायचा नाही, तापलेलं फिलामेंट मऊ असतं, धक्क्याला तुटतं. घाई असली तरी आधी बंद, मग हलवा. आणि बल्ब उभा राहील अशीच मांडणी, लाइट उलटा टांगून ठेवू नका.

मंडपात सजावटीला सुक्या झावळ्या आणि कापड. दीड मीटरच्या आत काही येऊ दिलं नाही. लाइटच्या तोंडाला जाळी आहे ती शोभेची नाही, बल्ब फुटला तर तापलेली काच तिथे अडते.

११ डिसेंबर

अवेळी पाऊस. खुल्या जागेत चित्रीकरण, आभाळात मळभ होतंच, पण डिसेंबर म्हणून ताडपत्री टेम्पोतच राहिली. भुरभुर सुरू झाली आणि पुढच्या ६५० च्या लेन्सवर दोन-चार थेंब पडले. टक् असा आवाज. मधून कडेपर्यंत चीर. टवका असलेली लेन्स नव्हती, चांगली होती.

मदतीला धावलेल्या एकाने दुसऱ्या लाइटवर ओला टॉवेल टाकायचा प्रयत्न केला, त्याला वेळेत ओरडलो. पाऊस आला तर क्रम असा : मुख्य स्विच बंद, लाइटचं तोंड जमिनीकडे, दहा-पंधरा मिनिटं गार होऊ द्यायचा, मग आवरण. गार होण्याआधी प्लॅस्टिकचं आवरण टाकलं तर ते चिकटून वितळतं. पावसाचा जरा संशय असेल तर लाइटच्या दीड-दोन मीटर वर, चारही बाजूंनी मोकळी अशी ताडपत्री आधीच बांधून ठेवायची.

जुन्या बाजारातून बदली लेन्स २,२०० ला मिळाली, व्यास बरोबर पण जाडी किंचित कमी. गोळा केल्यावर वर्तुळाच्या कडा थोड्या वेगळ्या येतात. हा लाइट आता फक्त पसरून वापरायचा.

१८ जानेवारी

दिवसाउजेडी खोलीत चित्रीकरण, खिडकीतून ऊन. टंगस्टन पिवळा आणि ऊन निळं, म्हणून लाइटांना पूर्ण निळा जेल (रंगीत पारदर्शक कागद) लावला. पूर्ण निळा जेल दोन तृतीयांश उजेड गिळतो. ६५० चा लाइट २०० चा होऊन बसला, खिडकीसमोर काहीच नाही. उलट केलं, खिडकीला नारिंगी जेल लावला आणि लाइट मोकळे ठेवले. जेल महाग पडतो, पण धुऊन-वाळवून पुन्हा वापरता येतो. लाइटवर जेल लावायचाच असेल तर लेन्सला टेकवून नाही, बार्नडोरच्या बाहेरच्या कडेला लाकडी चिमट्यांनी. प्लॅस्टिकचे चिमटे एका तासात वाकतात.

२ मे

हंगाम संपला. हिशोब : लॉट आणि वाहतूक १६,९००, बल्ब ७,५५० (मेलेला धरून), होल्डर-वायर-प्लग-टर्मिनल-स्क्रू ५,०३०, लेथ आणि रंग १,८४०, लेन्स २,२००, बॉक्स १,९००. एकूण ३५,४२०. होल्डर परत पाठवायचा कुरिअरखर्च यात नाही, बेपत्ता बार्नडोरही नाहीत. ते पत्र्यातून कापून घ्यायचे आहेत, पत्रेवाला आंब्याच्या पेट्यांत गुंतलाय.

पावसाळ्याची बांधाबांध आज केली. बल्ब काढून, खोक्यांत, प्रत्येकावर कोणत्या लाइटचा ते लिहून. होल्डरच्या पत्त्यांवर काही चोपडलं नाही, फक्त ब्रश मारला. झरोक्यांवर कापडी पिशव्या. लाइट जमिनीवर नाही, माळ्यावर, भिंतीपासून सुटे. सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्यात, पण खरा भरवसा त्यांच्यावर नाही. दर पंधरवड्याला बल्ब लावून प्रत्येक लाइट अर्धा तास डिमरवर मंद पेटवायचा, म्हणजे सिरॅमिक कोरडं राहतं. त्याआधी मेगर, सकाळीच. रीडिंग एक मेगओमच्या खाली आलं तर पेटवायचा नाही, आधी टर्मिनल धुवायचं. तारखांचा तक्ता मांगराच्या दाराला आतून चिकटवला आहे, पहिली तारीख १५ जून.